पेशवेकाळातल्या घरच्या पत्रांत जिव्हाळा सापडतो का?

मोडीवेडा:
इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांतले, जे ४५ खंड काढले त्यातले थोडे वाचायला घेतलेत. जवळपास प्रत्येक पत्रात वर श्री, मग चिरंजीव नाहीतर तीर्थरूप, पुढे येथील कुशल जाणोन स्वकीय लिहीत जावे, आणि लगेच पैसा, घोडी, मुक्काम. भाऊ भावाला लिहितोय, आई मुलाला लिहितेय तरी इतकं कोरडं का? आणि ते छ म्हणजे काय, इहिदे सितैन काय, तारीख कशी काढायची?

जुनाकागद:
कोरडं नाही हो ते. पत्र बहुतेकदा कारकून लिहिणार, जासूद नेणार, वाटेत शत्रूने धरला तर तोही वाचणार, मग मनातलं उघड कोण लिहील? पानिपतची बातमी नानासाहेबांना भेलशाकडे कळली ती सावकारी पत्रातून, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, एक पोटचा मुलगा आणि एक चुलतभाऊ, आणि ते बापाला हिशेबाच्या भाषेत वाचावं लागलं. मला तरी ते आजही सलग वाचवत नाही.

शकावली:
छ म्हणजे चंद्राची तारीख, त्यापुढे रजब, साबान असा मुसलमानी महिना येतो. वर्ष शुहूर सनाचं, म्हणजे तेव्हा कागदपत्रांत वापरत त्या सनाचं, ते मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला, बदलतं. वर्ष अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहितात: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११६१. त्यात ६०० मिळवा, पण मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं पत्र असेल तर ५९९. म्हणजे हे १७६०-६१, पानिपतचंच साल. बऱ्याच पत्रांत वर्ष नसतंच, तिथे मुक्कामाचं गाव आणि माणसांची नावं बघून ठरवावं लागतं.

वाचकबाई:
मन मोकळं केलेलं हवं असेल तर ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार बघाच. बाजीराव त्यांना कर्जाबद्दल लिहितात की सावकारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी गेली, एवढा मोठा सेनापती आणि गुरूपुढे असं लिहितो. गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, कसं वागावं ते लिहून पाठवलं तेही वाचा, वरवर नुसते नियम वाटतात पण नवरा आणि तिन्ही मुलं गेलेल्या आजीने लिहिलेत हे डोक्यात ठेवून वाचा.