गणपतीची रजा दरवर्षी एकालाच, कसं बोलू त्याच्याशी?

वऱ्हाडची_पोर:
आमच्या डेस्कवर दोघंच, मी आणि एक कुडाळचा. एक सुट्टीवर गेला की दुसऱ्याने थांबायचं. तीन वर्षं झाली, गणपतीत तोच गावाला जातो आणि गौरी-गणपती पोचवूनच येतो. आता आमच्या अमरावतीकडे महालक्ष्म्या असतात, म्हणजे तुमच्या गौरीच, त्या नेमक्या त्याच दिवसांत, घरी सोळा भाज्या, आंबील, पंगती उठतायत आणि मी इथे एक्सेल भरत बसलेली. बरं, त्याला वाईट म्हणावं तर येताना मालवणी खाजा आणतो, पुडी सगळ्यात आधी माझ्याच टेबलावर ठेवतो, मग तोंडातून शब्दच निघत नाही. यंदा (2026) 14 सप्टेंबरला चतुर्थी आहे. सरळ साहेबांना मेल टाकू का?

ठाणे_फास्ट:
मेल अजिबात नको, वर्षभर तोंड बघायचंय एकमेकांचं. आणि बोलायचं तर जुलैच्या आधी बोल. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होतं, म्हणजे 12 सप्टेंबरला निघणारा 14 जुलैला सकाळी 8 ला मोबाईल धरून बसणार. एकदा कोकणकन्या कन्फर्म झाली की त्या माणसाशी रजेवर बोलून उपयोग नाही, अनुभव आहे.

नियमाने_चाला:
चूक साहेबांची. आलटून पालटून रजा लावायला काय जातं?

माटवीवाला:
मी सिंधुदुर्गचाच. ताई, त्याला बहुतेक माहीतच नसेल तुमच्याकडे महालक्ष्म्या असतात ते, मलाही लग्नानंतर कळलं, बायको अकोल्याची. आमचं सामायिक घर, गणपती एकच, चतुर्थीला माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधायला नाही गेलो तर काका वर्षभर ऐकवतात. पण पहिले दोन-तीन दिवस मिळाले तरी भागतं हो, खरं सांगतो. गौरी यायच्या आत तो परत आला तर पुढचे दिवस तुमचे. आणि परतीची खरी गर्दी गौरी विसर्जनानंतर उसळते, हे त्याला सांगा, पटेल.

वऱ्हाडची_पोर:
आज चहाला बोलले एकदाची. आधी विचारतो आंबील म्हणजे काय, ते समजावण्यातच अर्धा चहा गार. मग म्हणे "आधी का नाय सांगितलंस गो, मला वाटलं तुमच्यात नसतंच." गौरीच्या आत यायला तयार आहे, फक्त आईला विचारून सांगतो म्हणालाय. अजून फोन केलेला नाही त्याने.