पहिला पॉडकास्ट एपिसोड: नागपुरात बसून रेकॉर्डिंग-एडिटिंग शिकलेल्यांनो, लिहा

‘कोणता माइक घेऊ?’ याची उत्तरं कुठेही मिळतात. इथे ते सांगा जे आपल्याकडे अडतं: मे महिन्यात कूलरचं काय केलं, घरच्यांना गप्प कसं बसवलं आणि त्या लांबलचक फाइलीशी कसे भिडलात. पहिल्या एपिसोडपुरतंच लिहा.

महालातून

आधी कूलर. त्याची घरघर एकसुरी असते, म्हणून ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन ती बऱ्यापैकी काढतं. फक्त त्याला नमुना लागतो. रेकॉर्ड दाबल्यावर पाच-दहा सेकंद काहीच बोलायचं नाही. नंतर तेवढाच भाग निवडून नॉइज प्रोफाइल घ्यायचं आणि मग ते सगळ्या ट्रॅकवर लावायचं. जास्त ताणलं की माणूस पाण्याखालून बोलून राहिला असं वाटतं. कोकीळ, भंगारवाला, ऑटोचा हॉर्न यांना हा उपाय लागू पडत नाही, कारण ते आवाज सारखे बदलतात.

तरी माझं मत विचाराल तर कूलर बंदच करा. थोडं बोला, कूलर लावा, घाम पुसा, परत बसा. तुकडे जोडता येतात. माइक आणि तोंडातलं अंतर मात्र प्रत्येक वेळी तेच हवं, नाहीतर जोड कानाला लागतो. आणि जागा? ज्या खोलीत गाद्या-रजया रचून ठेवता तीच. फरशी आणि कोऱ्या भिंतींच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, आणि घुमलेला आवाज नंतर नीट करणं फार कठीण.

त्रिमूर्तीनगरातून

फोन फ्लाइट मोडवर. लग्नसराईत तर नक्कीच. बाकी वर आलंच आहे.

इतवारीतून

आमचा पहिला एपिसोड मारबतीवर होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा गॅलरीतून ढोल-ताशे घेतले, आणि आत्याची मुलाखत आदल्या आठवड्यात घरीच. ढोलासाठी गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, चांगलाच खाली आणला, सर्वांत मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील इतका. शून्याच्या वर गेलेल्या आवाजाचा माथाच कापला जातो, मग तो फाटका ऐकू येतो. बारीक आवाज मागाहून वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

आत्याचं बोलणं म्हणजे दर वाक्याला ‘मंग का झालं बाप्पा’. भाचा म्हणे, सारे कापून टाक. मी नाही कापले. ते काढले तर आत्या काय उरते? तिचे श्वासही ठेवले. नावं आठवताना ती थांबायची, तिथे मात्र कात्री लावली, आणि त्या जागी त्याच खोलीतली रेकॉर्ड केलेली शांतता थोडीशी टाकली. निखळ शून्य टाकलं की ऐकणाऱ्याला फोन कटला असं वाटतं. एडिटिंगचा बहुतेक वेळ या अशा कामात जातो राजेहो, संगीत लावण्यात नाही.

मनीषनगरातून

माझा जोडीदार पुण्यात. कॉलवर बोललो, पण दोघांनी आपापला आवाज आपापल्या फोनवर रेकॉर्ड केला. सुरुवातीला दोघांनी एक-एक टाळी वाजवली. एडिटिंगमध्ये टाळ्यांची टोकं जुळवली की दोन्ही ट्रॅक बसतात. शेवटीही टाळी वाजवा. दोन यंत्रांची घड्याळं नेमकी एक नसतात, लांब गप्पांत ट्रॅक थोडे सरकतात, ते तिथे कळतं.

धरमपेठेतून

शेजारचे काका पूर्वी आकाशवाणीवर निवेदन करायचे. आपलं नागपूर केंद्र 1948 पासूनचं. त्यांनी माइक एक वीत दूर ठेवून तोंडासमोरून जरा बाजूला सरकवला. ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फुंकर थेट आत जात नाही म्हणे. खरंच नाही गेला.

शेवटची पायरी कोणी लिहिली नाही म्हणून: आवाजाची पातळी स्टिरिओला (दोन चॅनेल) उणे 16 एलयूएफएस, मोनोला (एकच चॅनेल) उणे 19. एलयूएफएस म्हणजे कानाला आवाज सरासरी किती मोठा लागतो ते मोजायचं एकक. नुसत्या बोलण्याला मोनो पुरे. 128 केबीपीएसची एमपी3 मिनिटाला साधारण 1 एमबी होते. मूळ वेव्ह फाइल (न दाबलेलं रेकॉर्डिंग) पुसू नका, एमपी3 पुन्हा पुन्हा एडिट करून सेव्ह केली की दर वेळी आवाज थोडा घसरतो.

इतवारीतून

काकांना विचारा, आत्यासारख्या हातवारे करत बोलणाऱ्यांना एक वीत अंतरावर बसवायचं कसं?