‘कण शोधणे’ की ‘कण टिपणे’?

मांजलपूर, वडोदरा:
नमस्कार मंडळी. माझी भाची इथे सयाजीराव विद्यापीठात फिजिक्स शिकते. पुढच्या महिन्यात आमच्या मराठी मंडळात ती द्रव झेनॉनच्या (थंड करून द्रव केलेल्या एका वायूच्या) डिटेक्टरांवर बोलणार आहे. डार्क मॅटर, म्हणजे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते असं द्रव्य, त्याचे कण पकडायला ही यंत्रं बसवलेली असतात. सगळं लिहून झालंय, गाडी अडलीय ती एका क्रियापदावर. ‘कण शोधण्याचे यंत्र’ असं तिने लिहिलं. आमचे बाबा, म्हणजे तिचे आजोबा, म्हणाले, “शोधायला जातंय कोण? यंत्र तर जमिनीखाली एका जागी बसलेलं आहे!” हिंदीतला ‘संसूचक’ तिच्या तोंडी बसत नाही. काय म्हणावं?

दांडिया बाजार:
आजोबांचं बरोबर आहे. शोधणारा हिंडतो, उचकापाचक करतो. मी ‘टिपणे’ म्हणेन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चबुतरा आहे. सकाळी शेजारच्या बा ज्वारी टाकतात आणि पारवे उतरतात. चोच वाकडी होत नाही की दोन दाणे एकदम उचलले जात नाहीत. नेमका एक दाणा, मग दुसरा. त्याला आपण ‘टिपणे’ म्हणतो, आणि दाण्याला ‘कण’ म्हणायचीही आपली जुनीच रीत आहे.

दुसरा दाखला टीपकागदाचा. थेंब जिथे पडला तिथेच तो टिपतो, त्यामुळे डागावरून जागा कळते. झेनॉनचंही तसंच आहे. टाकीत साधारण उणे १०० अंशांना थंड केलेलं द्रव असतं, पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. कण येऊन झेनॉनच्या अणूवर आदळला की अतिनील प्रकाशाची एक बारीक चमक उठते. त्या धक्क्याने सुटे झालेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राच्या ओढीने वर सरकतात आणि द्रवाच्या माथ्यावरच्या वायूत शिरताच दुसरी चमक उठते. दोन चमकांत किती वेळ गेला यावरून धडक किती खोल झाली ते समजतं. दुसरी चमक वरच्या कोणत्या प्रकाशनळ्यांवर (चमक नोंदवणाऱ्या नळ्यांवर) जास्त पडली यावरून बाजू समजते. डाग नुसता पडला नाही, त्याची लांबी, रुंदी, खोलीही हाती आली. ‘शोधणे’मध्ये हे काहीच येत नाही.

रावपुरा:
‘टिपणे’ मलाही आवडलं, पण ताई, भाचीला एक सांगाच. टिपलं म्हणजे हाती लागलं. डार्क मॅटरचा एकही कण आजवर कुणी टिपलेला नाही. तिथे ‘चाहूल’ हवी. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूह पाहिला, तेव्हा दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने दीर्घिका फार वेगाने फिरत होत्या. पाऊल दिसलं नाही, पण घरात कुणीतरी आहे हे कळलं. ही चाहूल.

आणि चाहूल ‘लागते’ तशी ‘घेता’ही येते. दक्षिण डाकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खाली, एलझेड नावाच्या डिटेक्टरचं १० टन झेनॉन तेच करतं. एवढं खाली का, तर वरून येणाऱ्या वैश्विक किरणांचा गलका खडकाने अडावा म्हणून. गलक्यात चाहूल कशी लागणार? २०२४ मध्ये इटलीतल्या झेनॉन-एनटी आणि चीनमधल्या पांडाएक्स-४टी या तशाच दोन डिटेक्टरांना सूर्यात बोरॉन-८ पासून निघणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या (हे डार्क मॅटर नव्हे) खुणा दिसल्या. दोघांचाही आकडा तीन सिग्माच्या आत होता (सिग्मा म्हणजे खूण योगायोगाची नाही याच्या खात्रीचं माप) आणि शोध लागला म्हणायला पाच लागतात. म्हणून तिथेही मी ‘चाहूल लागली’ असंच लिहीन.

अलकापुरी:
डार्क मॅटरला ‘कृष्णद्रव्य’ म्हणणं मात्र टाळा. काळी वस्तू प्रकाश गिळते, हे द्रव्य तर प्रकाशाला आरपार जाऊ देतं. शिवाय ऐकणारा लगेच कृष्णविवराकडे जातो. ‘अदृश्य द्रव्य’ म्हणा, एकदा डार्क मॅटरही म्हणा. १९३१ च्या ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ या बडोद्याच्या शब्दकोशात एकेका कारभारी शब्दासमोर आठ भाषांतले शब्द ठेवले होते. आपल्या गावाला शब्द पारखून घ्यायची सवय आहे.

मांजलपूर, वडोदरा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ती बाबांसमोर बसून वाचत होती. यंत्राला डिटेक्टरच ठेवलंय. वाक्य आता असं आहे: ‘अदृश्य द्रव्याची चाहूल लागून नव्वद वर्षं झाली, त्याचा कण अजून टिपायचा आहे.’ झेनॉन हे नाव ‘परका’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये ठेवलं, हेही तिने सांगितलं. बाबांनी वही मागून घेतली आणि ‘चाहूल’ खाली पेन्सिलीने रेघ ओढली.