खोपा, टोपी अन् हेल्मेट, तिन्ही एकाच डोक्यावर कसं बसवावं?

पऱ्हाटीतली_सखी

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, हसा, पण उत्तर द्या. मी कृषीसखी आहे, पांढरकवड्याच्या बाजूनं तीन गावं माझ्याकडं आहेत. सकाळी सातला स्कुटीवर हेल्मेट घालून निघते, वावरात पोचली की हेल्मेट काढून टोपी, अन् दुपारी ग्रामपंचायतीत नाहीतर बचत गटाच्या बैठकीत जाऊन टोपी काढली की डोक्याची जी गत झालेली असते ना, ती पाहून बायका आधी हासतात अन् मग माती परीक्षणाचं ऐकतात. माझे केस कंबरेपर्यंत, दाट, त्यात कुरळे. टाळूवर एकदम चप्प, जसा कोणी तवा पालथा घालून ठेवला होता, कपाळावर गोल वळ, अन् कानाच्या खाली सगळा पिसारा.

टोपीचं तर विचारूच नका. आठवडी बाजारातून आतापर्यंत चार घेतल्या. खोपा वर बांधला तर टोपी त्याच्यावर तरंगते, वाऱ्याची एक झुळूक आली की धुऱ्याच्या पलीकडं. खाली मानेवर बांधला तर टोपी पुढं सरकून डोळ्यावर येते, दर दोन मिनिटाला मागं ढकला. एकदा केस नुसते रबरात बांधून गेली तर पऱ्हाटीत असे गुंतले की दोघीजणींनी मिळून सोडवले, बोंड फुटलं होतं ते पण केसात आलं. दुपट्टा बांधून पाहिला, खाली वाकून काम केलं की सुटते.

माझी नणंद बॉयकटवाली आहे, तिले कोणतीही टोपी बसते अन् काढल्यावर नुसता हात फिरवला की झालं. ती म्हणते कापून टाक वहिनी. कापायचे नाहीत, हे आधीच सांगते, तो सल्ला नको. बाकी ज्याचे त्याचे केस कसे अन् तो काय करतो ते सांगा. पोट्ट्यांनीही सांगा, तुमच्या त्या साइड झिरोचं टोपीखाली काय होते ते.

खुर्ची_नंबर_दोन

ताई मी सलूनवाला, माझं दुकान फाट्यावर आहे म्हणून टोपीवाले डोके रोजच पाहतो. साइड झिरोवाल्याइचं सांगतो. हे पोट्टे मे महिन्यात येतात, कानावरून सगळं उडवतात अन् वर चार बोटं ठेवतात, अन् दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतात भाऊ टोपी ढिली झाली. होईलच ना बे. टोपी जिथं धरते तिथलेच केस काढले तर मागची पट्टी एखाद-दोन बटणं आत घ्याच लागते. अन् महिन्यानं केस वाढले की तीच टोपी कपाळ आवळते, मग म्हणतात टोपी धुतली त आकसली.

वरच्या केसाचं असं आहे की एक त इतके बारीक ठेवा का वाकायचा प्रश्नच नाही, मशीनचा दोन-तीन नंबर, नाहीतर इतके लांब ठेवा का हातानं मागं सारता येतील. दोन इंचाचा उभा केस सगळ्यात बेकार, तो टोपीखाली मोडते अन् टोपी काढल्यावर वाटते का म्हैस चाटून गेली. अन् जेल लावून लगेच टोपी घालणाऱ्याले त हातच जोडतो, जेल वाळते टोपीच्या आकारात.

तुमच्यासाठी एक करून पाहा. भांग रोज जिकडं पाडता त्याच्या उलट बाजूनं पाडून टोपी घाला. बैठकीच्या आधी टोपी काढली का नेहमीच्या बाजूनं घ्या, मुळातून केस उचलल्या जातात, तेवढं चप्प दिसत नाही. तेल रात्री लावा, सकाळी तेल लावून टोपी घातली त काय वर्णन करू. अन् हेल्मेट फार दाबत असंन त आतला स्पंज थोडा काढून टाका, आमचे बरेच गिऱ्हाईक तसंच करतात.

धुऱ्यावरचा

बॉयकट करून टाका.

पऱ्हाटीतली_सखी

भाऊ प्रश्न पूर्ण वाचत जा ना.

खडू_फळा

सलूनवाल्या भाऊंचं भांगाचं बरोबर आहे, त्याच्यामागचं कारण सांगतो, शाळेत विज्ञान शिकवतो त्यामुळं राहवत नाही. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्या एकमेकींना धरून असतात त्यातले काही बंध, त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात, पाणी लागलं की सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्याच आकारात परत जुळतात. कपड्याला इस्त्री करायच्या आधी पाण्याचा हबका मारतो ना, सुताचंही तसंच आहे, ओलं झालं की मऊ, आणि दाबून वाळवलं की घडी पक्की. तुम्ही सकाळी न्हाऊन ओल्या केसांवर हेल्मेट घालत असाल तर तुम्ही डोक्याला इस्त्रीच करताय. आणि घाम म्हणजे पाणीच. टोपीखाली घाम आला आणि टोपीखालीच वाळला की शिक्का बसला.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, केस पूर्ण वाळल्याशिवाय डोक्यावर काही घालू नका, त्यासाठी आदल्या संध्याकाळी डोक्यावरून न्हायलेलं बरं, तुमच्याएवढ्या दाट केसांना सकाळचा वेळ पुरणारच नाही. दोन, झाडाखाली बसलात की टोपी काढा, बोटं मुळाशी घालून केस मोकळे करा आणि घाम उघड्यावर वाळू द्या. पाच-दहा मिनिटं पुरतात, आपल्याकडं मे मध्ये हवा एवढी कोरडी असते की ओला दुपट्टा चहा पिईपर्यंत वाळतो.

कुरळ्या केसांचा एक फायदा आहे. त्यांचा मूळ आकार गंधकाच्या बंधांमुळं टिकतो आणि ते बंध पाण्यानं सुटत नाहीत. म्हणजे टोपीनं चप्प केलेल्या जागी ओला हात फिरवला, चुरगळल्यासारखं केलं आणि वाळू दिलं की वळण परत येते. फणी मात्र फिरवू नका, कोरड्या कुरळ्यावर फणी फिरवली की तुमचा तो पिसारा.

बाकी टोपी घालूच नका असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. 2013 च्या मे मध्ये नागपुरात 47.9 ची नोंद झाली होती. 2024 ला ते 56 डिग्री का काय फिरलं होतं ते यंत्राच्या बिघाडानं आलेलं होतं, पण 45-46 साठी आपल्याला बिघडलेलं यंत्र लागत नाही.

गुरुकुंजाच्या_वाटेवर

पोरी मी 68 वर्षाचा हावो. माह्या डोक्यावर केस नाई त मले वाटे का आपला टोपीचा प्रश्न मिटला. उलट वाढला. केस असले का टोपी धरते, अन् घाम केसात जिरते. टकलावर टोपी घसरते अन् घाम सरळ डोयात. मी टोपीच्या आत सुती दुपट्ट्याचा एक पदर घालतो, तो घामही पेते अन् टोपीही धरते. तुयाही कामाचं आहे पाय. पातय सुती फडकं आधी कपायापासून मागं बांध, गाठ मानेवर, त्याच्यावर टोपी. फडकं सुटत नाई कारण टोपी दाबून धरते, अन् टोपी सरकत नाई कारण खाली फडकं हाय.

भजनाले जातो तवा भगवी टोपी घालतो, आमच्या सेवा मंडळाची. ते लेकाची नंबराप्रमाणं भेटते पण धुतली का एक नंबर लहान. म्हणून सुती टोपी घेताना कवाई एक बोट ढिली घ्याव. गाडगेबाबानं डोक्यावर खापर घेतलं, ते काई आकसत नव्हतं.

अन् टोपीनं टक्कल पडते म्हणते लोकं, ते खोटं हाय. माह्या बापालेही नव्हते केस, अन् तो जलमभर बोडकाच फिरला.

बॅरेटवाली

ताई मी एनसीसीत होते, आमच्या बटालियनमधल्या सगळ्या लांब केसवाल्या मुलींचा हाच प्रॉब्लेम होता. आम्हाला खोपा मानेवर अगदी खाली बांधायला लावायचे, जाळी लावून, आणि गोल नाही तर चपटा. म्हणजे वेणी घालायची, ती मानेशी आडवी गुंडाळायची, पिना लावायच्या आणि वर काळी जाळी. बॅरेटची, म्हणजे आमच्या त्या गोल गणवेशाच्या टोपीची, पट्टी भुवयांच्या साधारण इंचभर वर आणि मागं खोप्याच्या वर. पट्टीच्या मागं नाडी असते ती ओढून माप लहानमोठं करता येते. माझी एक मैत्रीण खोपा दोन बोटं वर बांधायची आणि परेडमध्ये सावधानच्या झटक्याला तिची बॅरेट पुढच्या मुलीच्या पाठीवर. दोनदा झालं. उस्तादांनी तिला ग्राउंडच्या किती चकरा मारायला लावल्या ते नाही सांगत.

एकच, वेणी घट्ट ओढून घालू नका. रोज त्याच जागी केस ताणले आणि वरून टोपीची पट्टी घासली की कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. माझे झाले होते, वेणी ढिली घालायला लागल्यावर बऱ्याच महिन्यांनी भरले.

ट्यूबलेस

सलूनवाले भाऊ, हेल्मेटमधला स्पंज काढायचं कोणाला सांगू नका राव. मी असाच एक नंबर मोठं हेल्मेट घेतलं होतं, का तर केसाची स्टाइल दबू नये. घाटंजी रोडवर गिट्टीवरून घसरलो, पडायच्या आधीच हेल्मेट मागं फिरलं अन् कपाळ उघडं. सात टाके. स्टाइल त्याच दिवशी दवाखान्यात वस्तऱ्यानं काढली.

आत स्टिकर असते त्याच्यावर 580 नाहीतर 600 असं लिहिलेलं असते, ते मिलिमीटर आहे, म्हणजे 58 सेंमीचं डोकं नाहीतर 60 चं. आयएसआय मार्क पाहून घ्या. घातल्यावर हेल्मेट हातानं डावी-उजवीकडं फिरवा, गालाची कातडी सोबत फिरली पाहिजे. नुसतंच हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. अन् खोपा हेल्मेटच्या आत कोंबायचा नाही, डोकं अन् हेल्मेट यांच्यात फट राहते. एनसीसीवाल्या ताईंनी सांगितला तसा मानेवरचा चपटा खोपा हेल्मेटच्या खाली राहतो, आमची मिसेस नुसती वेणी घालते, दोन्ही चालते.

खुर्ची_नंबर_दोन

बरोबर आहे भाऊ, स्पंजचं मागं घेतो. गिऱ्हाईकाईलेही सांगतो.

पायमशीन

सखीताई, तुमची टोपी पुढं कावून सरकते ते कोणीच नाही सांगितलं. मी टोप्या शिवते, वेचणीच्या सीझनमध्ये आमच्या गावच्या बायाइले मीच शिवून देते. बाजारातल्या टोपीची झालर चारीबाजूनं सारखी असते. मागची झालर तुमच्या खोप्यावर टेकते, तुम्ही मान वर केली का खोपा झालर ढकलते अन् टोपी डोळ्यावर. टोपीचं माप चुकलं नाही, झालर चुकली.

असं करा. झालर मागून मधोमध उभी चिरून घ्या, टोपीच्या गोलातही चार बोटं वर चीर न्या, दोन्ही काठाले पट्टी लावा अन् खालून एक बटण. खोपा त्या चिरेतून बाहेर येते, झालर दोन्हीकडून खाली पडते, मानेवर सावलीही राहते. वेणी असली त वेणी बाहेर काढा. मागच्या अर्ध्या गोलात इलास्टिक घाला पण पुढं कपाळावर घालू नका, तोच वळ पडते तुम्हाले. पुढं रुंद पट्टी, दोन बोटांची, मऊ सुती. बारीक पट्टी कापते, रुंद पट्टी दाबते पण शिक्का नाही मारत.

आतून अस्तर साटीनचं लावा, ब्लाऊजचं उरलेलं असंन त तेच. कुरळे केस सुती कापडावर घासून फुलतात, साटीनवर घसरतात. काकाजी म्हणतात ते सुती फडकं टकलाले ठीक आहे, तुमच्या केसाले नाही, घाम लय येत असंन त फक्त कपाळाच्या पट्टीले सुती ठेवा.

माप घेताना केस जसे बांधून वावरात जाता तसेच बांधा. टेप भुवईच्या वर एक बोट, कानाच्या वरून, मागं जिथं डोकं सगळ्यात जास्त बाहेर येते तिथून. आलेल्या मापात एक सेंमी मिळवा. झालर तीन इंच ठेवा, त्याच्याहून मोठी वाऱ्यात उलटते.

टोपी घालून हिंडली का सुरवातीले लोकं म्हणतातच, कलेक्टरीनबाई आल्या. माह्या सासूनं पयल्या वर्षी म्हटलं होतं. दुसऱ्या वर्षी तिनंच मांगितली, खोपा नाही त बिनचिरेची.

पऱ्हाटीतली_सखी

पायमशीन ताई, तुम्ही तर डोक्यात उजेडच पाडला. आज दुपारी नणंदेनं माप घेतलं, मोकळ्या केसानं 58 आलं, वेणी घालून चपटा खोपा केल्यावर 57. म्हणजे मी 60 ची टोपी घेत होती आतापर्यंत, खोप्यासाठी म्हणून. हेल्मेट पाहिलं तर तेही 600 निघालं. ते बदलायले उद्या मिस्टरांसोबत जाते.

खडू-फळा सर, ओल्या केसाचं शंभर टक्के बरोबर. मी रोज सकाळी न्हाऊन तशीच निघत होती. काल रात्री न्हायली, आज झाडाखाली टोपी काढून बसली, बैठकीत कोणी हासलं नाही. एक आजी मात्र म्हणाली आज तब्येत बरी नाही काय, केस असे नीट का दिसून रायले.

आता सांगा, घरी 36 पन्ह्याचं सुती कापड पडून आहे, किती लागंन?

पायमशीन

अर्धा मीटर पुरते, झालर दुहेरी धरून. अस्तर वेगळं. कापड आधी रात्रभर भिजवून वाळवून घ्या अन् मगच कापा, नाहीतर काकाजींच्या भगव्या टोपीसारखं होईन.