पाचवीतल्या मुलीला १३ ते ३० पाढे कसे बसवायचे? सल्ला हवा

अबोली_फोंडा
नमस्कार. माझी मुलगी यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होती, आता आपल्याकडे गोव्यात बहुतेकांचं होतं तसं पाचवीपासून इंग्रजी माध्यम. बारापर्यंतचे पाढे पक्के आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगते, पण तेराच्या पुढे सगळा गोंधळ. आणि खरा घोळ वेगळाच आहे, एकोणीस त्रिक म्हटलं की तोंडाने बरोबर सत्तावन्न म्हणते आणि वहीत ७५ लिहिते. वर्गात इंग्रजीत विचारलं की आधी मनात मराठीतून पाढा म्हणायचा, मग उत्तराचं इंग्रजी करायचं, तोवर बाकीच्यांचे हात वर झालेले असतात. शाळेतून निरोप आलाय की घरी पण इंग्रजीतूनच पाढे घ्या. मला ते पटत नाही, पण तिचं नुकसानही नको. गणेश चवथीच्या सणापर्यंत तीसपर्यंतचे व्हायला हवेत. ॲप, तक्ता, कसलीही पद्धत चालेल, सुचवा. रोज संध्याकाळी रडारड होते आणि नंतर मलाच झोप येत नाही.

मांडवीकाठ
तक्ता फ्रीजवर लावा, येता जाता नजर पडते. आमच्याकडे तेवढ्याने १५ पर्यंत झाले. पुढे नाही झाले.

सत्तरीचे_गुरुजी
ताई, मी २८ वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

५७ चे ७५ होणं ही पाढ्याची चूक नाहीच, तिला पाढा येतो. मराठीत आपण एकक आधी बोलतो, सत्ता-वन्न, म्हणजे सात आणि पन्नास, आणि लिहिताना पाच आधी लिहितो. इंग्रजीत फिफ्टी सेव्हन, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. पोर दोन्हीच्या मधे अडकलीय. त्यात आपलं एकोण, एकोणसाठ ऐकलं की साठ कानावर पडतं आणि मुलं ६९ लिहितात, माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन तरी असायचीच. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, साठ दोन असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण त्यामागची अडचण खरी होती. मला स्वतःला जुने शब्द सोडवत नाहीत, तरी अडखळणाऱ्या मुलाला आठ-दहा दिवस 'सत्तावन्न, पन्नास आणि सात' असं जोडीने म्हणायला लावायचो, हात बरोबर चालायला लागायचा. तेव्हा आधी एक आठवडा पाढे बंद. रोज वीस संख्या तोंडी सांगा, तिने आकड्यात लिहायच्या, दहा मराठीत सांगा आणि दहा इंग्रजीत.

आता पाढे. १३ ते ३० म्हणजे अठरा नवे पाढे असं तिला सांगूच नका, ऐकूनच धाप लागते. २० आणि ३० म्हणजे २ आणि ३ चा पाढा, पुढे शून्य. बारापर्यंत पक्के आहेत ना, मग १४, १६, १८, २२, २४ हे ७, ८, ९, ११, १२ चे दुप्पट. सोळा साते येत नसेल तर आठ साते छप्पन्न, त्याचे दुप्पट ११२. १५ म्हणजे दहापट आणि वर त्याचं निम्मं. २५ ला चार पंचवीस शंभर एवढं धरलं की पुरे. २१ ला वीसच्या पाढ्यात एकेक वाढवत जायचं.

१९ आणि २९ ची युक्ती तर शब्दातच आहे. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, म्हणून २९ × ७ म्हणजे २१० मधून ७ गेले, २०३. हे तिला स्वतः शोधू द्या, तोंड कसं उजळतं बघा. १९ चा पाढा उभा लिहायला सांगा, एककाला ९, ८, ७ असं उतरत जातं आणि त्याआधी १, ३, ५, ७ असं विषम चढत जातं, १९, ३८, ५७, ७६, ९५, ११४, शेवटी १९०. २७ ला पण तीसमधून वजा, २७ × ६ म्हणजे १८० वजा १८, १६२.

शेवटी खरे पाठ करायचे उरतात फक्त १३, १७ आणि २३. तेराचा झाला की २६ आला, चौदाचा आहेच त्यातून २८. या तिघांना मात्र घोकंपट्टीच करा, त्यात काही कमीपणा नाही.

दाबोळी_७२
गुरुजींचं सगळं बरोबर, फक्त शेवटच्या वाक्यावर मी जास्त जोर देईन. माझ्या मुलाला नुसती फोड शिकवली, तो उत्तर काढायचा बरोबर पण भागाकारात दर पायरीला थांबायचा आणि पेपर अर्धा राहायचा. मग आईने ताबा घेतला. तिन्हीसांजेला दिवा लावला की शुभंकरोति आणि लगेच परवचा, दोन पाढे, जास्त नाही, ती म्हणणार आणि हा मागून. आई अजून तेरा नव्वे सतरोदरसे (११७), सतरा नव्वे त्रेपन्नासे (१५३) असंच म्हणते. मुलगा आधी हसायचा, आता त्याला १५३ कधी चुकत नाही कारण तो शब्दच दुसरा कुठे नाही. वडिलांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे, अगदी औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा पण येतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साडेतीन किलोचा हिशेब भाव ऐकल्या ऐकल्या सांगतात.

मडगावची_माय
भाषेबद्दल थोडं वेगळं सांगते. आम्ही शाळेचं ऐकून एका दिवसात सगळं इंग्रजीवर नेलं आणि होते ते पण गेले, सहा महिने वाया. जो पाढा ज्या भाषेत तोंडात बसलाय तो तिथेच राहू दे. नवे जे आहेत, १७, २३ वगैरे, ते पहिल्यापासून इंग्रजीत घेतले तरी चालेल, वर्गात लागतातच ना. ॲप आम्ही दोन वापरली, मुलगा वेळेच्या घाईत अंदाजाने बोट दाबायचा, काढून टाकली.

अबोली_फोंडा
दोन आठवड्यांनी लिहितेय, राग मानू नका. गुरुजी, संख्या लिहायचा आठवडा खरंच लागला, आठव्या दिवसापासून उलटे आकडे जवळजवळ बंद झाले, एकोणऐंशीला मात्र अजून पेन थांबतं. २९ ची गंमत तिने स्वतः काढली आणि मग आजीला, शेजारच्या काकींना, सगळ्यांना विचारत फिरली. वर्गशिक्षिकांशी पण बोलले, म्हटलं थोडा वेळ द्या, मराठीतून आठवून सांगते ती, त्यांनी समजून घेतलं. काल घरी नेवऱ्यांचा (करंज्यांचा) विषय निघाला, एका डब्यात २१ अशा ७ डब्यांत किती, तर हातातला खेळ न सोडता १४७ म्हणाली. १३ झाला, १७ अर्ध्यावर आहे, २३ अजून हातात घेतला नाही. परवचा सासूबाईंनी सुरू केलाय, मी फक्त बाजूला बसते.

दाबोळी, तुमच्या वडिलांकडून औटकी पूर्ण लिहून मिळेल का? आमच्याकडे कोणालाच येत नाही आणि मुलीला आता ती हवीच आहे.

देव बरें करूं सगळ्यांचं.

दाबोळी_७२
रविवारी त्यांच्याकडे जातोय, त्यांच्याच अक्षरात लिहून घेतो आणि फोटो टाकतो.