साताऱ्यात घरी एसी : एका रात्रीचे दीडशे रुपये मोजावेत का?

गोडोलीकर (मूळ धागा)

आमच्या इमारतीत यंदा एकापाठोपाठ एक एसी बसले. आता आमच्या घरातही तोच विषय निघालाय. मुलं म्हणतात बसवू या. माझं स्पष्ट मत आहे की साताऱ्यात राहून एसीवर पैसे घालू नयेत. कारणं मांडतो, पटत नसतील तर खोडून काढा.

आपलं गाव सातशे मीटर उंचीवर. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो, नाकारत नाही. पण रात्री बाहेर तो बावीस-तेवीसपर्यंत उतरतो. बाहेर गार वारा सुटलेला असताना आपण आत घामाघूम होतो, कारण वरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते खोलीत सोडत बसतो. दुखणं छताचं आहे आणि औषध आपण भिंतीवर टांगतोय.

आता खर्च. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून एक टन क्षमतेचा, वीज कमी खाणारा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) चाळीस हजारांच्या आत-बाहेर मिळतो. त्यात तांब्याचा पाइप बहुधा तीनच मीटर येतो, पुढे मीटरमागे वेगळे पैसे. मग बाहेरच्या युनिटचं स्टँड, भिंतीला भोक, बोर्डापासून स्वतंत्र वायर, एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका), बसवणावळ. सगळं मिळून पन्नास हजारांवर जातं. दहा वर्षं टिकला तर वर्षाला पाच हजार. सर्व्हिसिंगचे आठशे-हजार वेगळे.

आणि वीज. २६ वर ठेवून रात्री आठ तास चालवला तरी रोज पाचेक युनिट धरा, म्हणजे महिन्याला दीडशे. आपली बहुतेक घरं आधीच शंभर युनिटच्या आसपास असतात, त्यामुळे ही सगळी वीज १०१ ते ३०० च्या टप्प्यात जाते आणि तिथे दर जवळजवळ दुप्पट. सगळे आकार धरून युनिटला बारा रुपये धरले तर महिन्याचे अठराशे. खरा त्रासाचा काळ दोन महिन्यांचा. हिशेब केला की एका रात्रीची गार झोप दीडशे रुपयांच्या पुढे जाते.

त्यापेक्षा गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. नाहीतर निदान चुना द्या, तो तर अगदीच स्वस्त. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करा. आतला पडदा उपयोगाचा नाही, काचेतून आत आलेलं ऊन आतच राहतं. दुपारी खिडक्या बंद, रात्री जाळी लावून सताड उघड्या. पंखा बीएलडीसीचा, म्हणजे कमी विजेच्या मोटरचा घ्या, पंचाहत्तर वॅटच्या जागी तीस-पस्तीस वॅटमध्ये भागतं.

अनघा, शाहूनगर

काका, हिशेब नीट केलाय, पण तो धडधाकट माणसाचा आहे.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी. या वयात तहान कळत नाही, घामही पुरेसा येत नाही. रात्री दहाला तिच्या खोलीच्या छताखालची हवा नुसती तापलेली असते. बाहेर बावीस असेल, तिच्या पलंगापाशी तेहेतीस असतं. तिच्या खोलीची एकुलती एक खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद मोकळ्या जागेत उघडते. सताड उघडून येणार काय, खालच्यांच्या फोडणीचा वास.

आणि गच्ची सोसायटीची आहे. रंगाचा विषय मी गेल्या सभेत काढला होता. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, तुमच्या छतासाठी आम्ही वर्गणी का द्यायची? भाडेकरूंना तर विचारायचीही सोय नाही. तुमचे सगळे उपाय ज्याची गच्ची स्वतःची, त्याच्यासाठी आहेत. एसी मला कुणाच्या परवानगीशिवाय बसवता येतो.

पेठकर

चिमणपुऱ्यात आमच्या जुन्या घराला मातीच्या जाड भिंती आणि वर कौलं आहेत. मे महिन्यात भरदुपारी तिथे पंखा हळू लागतो. आता ते पाडून अपार्टमेंट उभं राहणार आणि त्यात प्रत्येक खोलीला एसीचा पॉइंट आराखड्यातच काढलाय. बिल्डरने सावली, उंची, आरपार वारा यातलं काहीही द्यायचं नाही आणि ते पुढे तीस वर्षं आपण वीजबिलातून भरायचं, हे मला मान्य नाही. गोडोलीकरांच्या बाजूने माझं मत.

परदेशी सातारकर

मी मूळचा करंज्याचा, आता कॅनडात व्हँकुव्हरला. थंड शहराचा विषय निघाला म्हणून लिहितो.

इथेही लोक म्हणायचे, आपल्याला एसी कशाला? २०२१ च्या जूनअखेरीस उष्णतेची लाट आली. २९ जूनला आमच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिटन गावात ४९.६ अंश नोंदले गेले. त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसं उष्णतेने गेली, असं इथल्या कोरोनर खात्याने, म्हणजे अचानक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या खात्याने नंतर सांगितलं. त्यातली ९८ टक्के घराच्या आत गेली. बहुतेक वयस्कर, कित्येक एकटे राहणारे, आणि बहुतेकांकडे एसी नव्हता. घरं बांधलेली होती ऊब धरून ठेवायला, त्यांनी उन्हाळ्यातही ती धरून ठेवली. २०२३ मध्ये प्रांत सरकारने गरजू घरांना ८,००० एसी फुकट देण्यासाठी एक कोटी डॉलर मंजूर केले.

काका, तुम्ही खर्च रात्रींवर वाटून घेता. तो वाटायचा नसतो. सहा-सात फार वाईट रात्री येतात आणि अशक्त माणसाला धोका त्याच रात्रींना असतो.

एक फरक मात्र कबूल करायला हवा. इथे बरेच जण हीट पंप बसवतात, तेच यंत्र उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम करतं, त्यामुळे मोठा खर्चही वसूल होतो. साताऱ्यात यंत्र दहा महिने गप्प बसणार.

वायरमन, सदर बझार

मी रोज एसीचे पॉइंट काढतो. वाद तुम्ही घाला, पण खर्चात लोक जिथं वाचवतात तिथंच घोळ होतो, तेवढं सांगतो.

जुन्या फ्लॅटमध्ये पंख्या-दिव्याच्या वायरवर एसी जोडू नका. चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी घ्या. अर्थिंग तपासून घ्या, लई घरांत ते नावालाच असतं. महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर छापलेलं असतं. तो एक किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या. दहा बाय अकराच्या खोलीला एक टन बास, पण वरच्या मजल्यावर स्लॅब तापत असेल तर दीड टन लागतो. म्हणजे छत रंगवलं तर यंत्र लहान बसतं. दोघांचंही बरोबर निघतंय बघा.

सुयोग

भाड्याने राहतो, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करतोय. परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे सगळा अभ्यास एप्रिलच्या दुपारी. कूलर घेतलाय. हवा कोरडी असते तोवर छान चालतो, खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. वळीव पडून गेला की मात्र नुसता चिकचिकाट. ज्याला पन्नास हजार शक्य नाहीत त्याने आधी हे करून बघावं.

गोडोलीकर

अनघाताई, तुमच्या आईंच्या खोलीबद्दल मी वाद घालणार नाही. तिथे एसी हवाच.

माझा वाद तीन खोल्यांत तीन एसी लावणाऱ्यांशी आहे. प्रत्येक एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, शिवाय स्वतः खाल्लेली वीजही उष्णता होऊन बाहेरच पडते. ती पडते कुठे? आमच्याकडे त्याच डक्टमध्ये, जिथे शेजारच्याची खिडकी उघडते. मग त्याची रात्र गरम होते आणि पुढच्या वर्षी तोही एसी घेतो. संध्याकाळी सगळे एकदम चालू झाले की डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) भार येतो, लाईट जाते आणि ज्याने एसी लावला नाही त्याचा पंखाही बंद. हा खर्च कुणाच्याच बिलावर दिसत नाही, भरतो मात्र ज्याच्याकडे एसी नाही तो.

व्हँकुव्हरच्या भाऊंना एवढंच विचारतो : तिथे सरकारने फुकट एसी दिले ते गरजू घरांनाच ना? तीच निवड आपणही करावी. घरात म्हातारं, आजारी किंवा तान्हं असेल तर एका खोलीत एक. बाकी सगळ्यांनी आधी छत. आणि खालच्या मजल्यावरचे वर्गणी देत नाहीत, तर लिफ्टचे पैसे तरी पहिल्या मजल्याने का द्यायचे? छत सगळ्या इमारतीचं आहे, हे सभेत ठणकावून सांगायला हवं.

अनघा, शाहूनगर

सभा पावसाळ्याआधी व्हायची नाही, काका. आईच्या खोलीत याच आठवड्यात बसवतेय, वायरमनदादांनी सांगितली तशी वायर ओढून. बाहेरचं युनिट डक्टमध्ये न ठेवता गच्चीकडच्या भिंतीवर घेते. पाइपला चार मीटर जास्त लागतील, ते देते.

रंगाच्या अर्जाचा मसुदा तुम्ही इथेच टाका. आमच्या इमारतीत पहिली सही माझी असेल, आणि लिफ्टचा मुद्दा त्यात घाला.