मदत हवी आहे: टॅरोच्या पानांवरून डी अँड डीची पात्रं कशी घडवायची?

पडवी:
डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं साकारायचा कथाखेळ) नवी मोहीम, म्हणजे अनेक सत्रांची गोष्ट, सुरू करायची आहे. चार खेळाडू, पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं नियमपुस्तक, हाताशी टॅरोचा (भविष्य वाचण्याच्या चित्रपत्त्यांचा) रायडर-वेट-स्मिथ जोड. पार्श्वभूमी पानं ओढून ठरवायचा विचार आहे. केल्टिक क्रॉस या ठरलेल्या मांडणीने दहा पानं मांडली की दर वेळी तोच माणूस समोर येतो: भूतकाळाने पोळलेला, बदलाच्या उंबरठ्यावरचा. किती पानं ओढावीत? ॲबिलिटी स्कोअर (पात्राच्या ताकद, बुद्धी अशा गुणांचे आकडे) पानांवरून काढावेत का? उलट्या पानाचं काय करायचं?

किलवर_तिर्री:
केल्टिक क्रॉस इथे उपयोगाचा नाही. त्यात 'अंतिम फळ' हे एक घरच आहे, आणि पहिल्याच दिवशी फळ ठरलं तर खेळायचं काय? शिवाय ७८ पानांत मेजर अर्काना (टॉवर, डेथ अशी स्वतंत्र नावांची मोठी पानं) २२, म्हणजे दहा पानांत सरासरी जवळपास तीन. एकाच आयुष्यात टॉवर, डेथ आणि मून कोंबले की सगळी पात्रं सारखीच दुःखी होतात.

जोडाचे तीन गठ्ठे करा आणि वेगवेगळे पिसा: मेजर २२, पेज-नाइट-राणी-राजा ही दरबारी पानं १६, एक्का ते दश्शी ही साधी पानं ४०. प्रत्येकाला पाच पानं. साध्या गठ्ठ्यातून तीन: शिकलेलं काम, घर सुटण्याचं कारण, दोष. दरबारी गठ्ठ्यातून एक: हा मोहिमेत भेटू शकेल असा जिवंत माणूस. मेजरमधून एकच: पात्राला काय हवंय.

नियम कडक ठेवा. एका पानाचं एकच वाक्य, आणि त्यात माणूस, जागा किंवा वस्तू असलीच पाहिजे. 'विश्वासघात' हे उत्तर चालत नाही. कोणी, कुठे, कशासाठी ते सांगा. अर्थाची पुस्तिका बाजूला ठेवून आधी चित्र बघा. पामेला कोलमन स्मिथने १९०९ च्या या जोडात साध्या पानांवरही प्रसंग रंगवले, तेच इथे कामाला येतात.

नमुना घ्या. काम, पेंटॅकल्सची (नाण्यांच्या रंगाची) अठ्ठी: टाकसाळीतला कारागीर. घर सुटलं, पेंटॅकल्सची पंजी: बर्फात देवळाची खिडकी उजळलेली, पण दार उघडलं नाही. दोष, स्वोर्ड्सची सत्ती: चित्रातला माणूस पाच तलवारी पळवतो आणि दोन मागे राहतात, आपला कारागीरही हात मारताना माग सोडतो. माणूस, कप्सची राणी: टाकसाळमालकाची बहीण, जिने त्याला लपवलं. मेजर, जस्टिस: खोटी नाणी कोणी पाडली ते त्याला सिद्ध करायचंय. रोग (rogue, चोरट्या कामांत तरबेज पात्र) तयार झाला, आणि तुम्हाला पहिल्या सत्राचा खलनायकही मिळाला.

दश्शीवर_हुकूम:
आकडे पानांवरून काढू नका. दश्शी ओढणारा सुखात आणि दुर्री ओढणारा वर्षभर मार खातोय, असं होतं. १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच वापरा. १५ वर्गाच्या (पात्राचा पेशा: विझार्ड म्हणजे जादूगार, रोग वगैरे) मुख्य गुणाला द्या, पानांना फक्त १४ कुठे जाईल ते ठरवू द्या. तीन साध्या पानांत जो रंग जास्त, तो धरायचा: वाँड्स (काठ्या) करिश्मा (प्रभाव), कप्स (पेले) विस्डम (समज), स्वोर्ड्स (तलवारी) इंटेलिजन्स (बुद्धी), पेंटॅकल्स (नाणी) कॉन्स्टिट्यूशन (तब्येत). तिन्ही रंग वेगळे आले किंवा त्या गुणाला आधीच १५ असले, तर खेळाडू ठरवेल. वर्ग मात्र पानं ओढण्याआधी निवडलेला हवा, नाहीतर विझार्ड खेळायला आलेल्याच्या गळ्यात भलतंच पडतं.

पुढे २०२४ च्या नव्या नियमपुस्तकावर गेलात तर दोन फरक लक्षात ठेवा. आदर्श, बंध, दोष यांचे पार्श्वभूमीसोबतचे तक्ते त्यात नाहीत, म्हणून ही पाच पानं तिथे जास्तच लागतात. आणि पार्श्वभूमीच गुण वाढवते, तेव्हा 'काम' या पानाला बसतील अशा दोन-तीन पार्श्वभूमी समोर ठेवून खेळाडूला निवडू द्या.

उलटं पान म्हणजे वाईट अर्थ, हे खेळात फार लवकर कंटाळवाणं होतं. त्याऐवजी: सुलटं पान सगळ्या टेबलाला माहीत, उलटं पान फक्त खेळाडूला आणि डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला). पिसताना अर्धा गठ्ठा फिरवून घ्या, म्हणजे उलटी पानं पुरेशी येतात.

पडवी:
हे जमेल. पण चौघे एकमेकांना ओळखतात कसे? आणि एकाकडे टॅरो नाही, तो दुसऱ्या गावाहून ऑनलाइन खेळणार आहे.

किलवर_तिर्री:
शेजारच्या दोघांत साध्या गठ्ठ्यातलं एक पान ठेवा, चौघांचं वर्तुळ चार पानांत पूर्ण होतं. बारा आधी गेली, चार आता, चोवीस उरतात. ओढलेली पानं गठ्ठ्यात परत मिसळू नका. एक पान दोघांकडे जाऊ नये म्हणूनच सगळ्यांना एकच जोड. हे पान दोघांनी मिळून वाचायचं, डीएमने नाही. प्रत्येकाला एकदा पान बदलून घेण्याची मुभा द्या, कारण विचारू नका. काही विषय काही जणांना टेबलावर नको असतात.

ऑनलाइन खेळाडूसाठी पानं तुम्हीच ओढा, कॅमेऱ्यावर चित्र दाखवा, वाचन त्याचं. साधे पत्ते हा दुसरा मार्ग: इस्पिक म्हणजे स्वोर्ड्स, बदाम कप्स, चौकट पेंटॅकल्स, किलवर वाँड्स. नाइट नसल्याने दरबारी बाराच, आणि मेजरसाठी २२ चिठ्ठ्या. चित्रं जातात हे मोठं नुकसान.

दश्शीवर_हुकूम:
सावंतवाडीची दशावतारी गंजिफा (पारंपरिक गोल पत्त्यांचा जोड) कोणाकडे असेल तर तीही वापरता येते. १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. दरबारी वीस आणि साधी शंभर. मेजर नाहीत, म्हणून 'काय हवंय' याचं उत्तर राजाच्या दहा पानांतून एक ओढून घ्या आणि त्या अवताराच्या कथेतून काढा; प्रधानाची दहा माणसांसाठी. मात्र हा खेळ हात जिंकण्याचा आहे, वाचनाचे ठरलेले अर्थ त्याला नाहीत. दहा रंगांचे दहा अर्थ आधी कागदावर लिहून घ्या. पानं गोल असल्याने उलट-सुलट ओळखणं अवघड जातं, तो नियम तिथे सोडून द्या.